निकालाची नोंद कोणाच्या हाती?

'गैरहजर.' एवढा एकच शब्द. पुण्याच्या ताडीवाला रोडवरील वस्तीतल्या, आमच्या परिचयाच्या एका मुलीच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या निकालात एका विषयासमोर हा शब्द आला होता. वर्ष २०२०. कोरोनाची साथ, कॉलेज बंद, परीक्षा ऑनलाईन. आई चार घरची धुणीभांडी करणारी. तीही कामे टाळेबंदीत सुटलेली. घरात मोबाईल एकच, तोही भावाचा. त्याने कामावर खाडा करून तो बहिणीला दिला. तिने पत्र्याच्या खोलीत बसून पेपर सोडवला, शेवटी 'सबमिट'चे बटण दाबले. आणि महिन्याभराने निकाल सांगतो, की ही मुलगी परीक्षेला बसलीच नाही!

पुढचे तीन महिने तिने खेटे घातले. आम्हीही दोनदा सोबत गेलो. खिडकीपलीकडचा बाबू एकच वाक्य ऐकवीत होता, "सिस्टीममध्ये तसेच दिसते आहे, आम्ही काय करणार?" जणू सिस्टीम म्हणजे कुणी देवच, आणि हा तिचा पुजारी! सुदैवाने मुलगी हुशार. 'तुमची उत्तरे जमा झाली आहेत' असे पडद्यावर आले तेव्हा तिने शेजारणीच्या मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवला होता. त्या फोटोवर वेळ होती. तो पुरावा पुढे केल्यावर कुठे संगणक विभागातला एक तरुण कामाला लागला. तासाभरात उलगडा झाला. तिची सगळीच्या सगळी उत्तरे साठवलेली होती. परंतु त्या विषयाच्या यादीत कार्यालयाने बैठक क्रमांक भरताना एक आकडा चुकवला होता. उत्तरे एका क्रमांकावर, नाव दुसऱ्या क्रमांकावर. दोहोंचा मेळ नाही. म्हणून बाई गैरहजर!

निकाल दुरुस्त झाला. पण तोवर पदव्युत्तर प्रवेशाची मुदत निघून गेली होती. एक वर्ष गेले. खात्यापित्या घरात एक वर्ष जाणे आणि वस्तीतल्या घरात मुलीचे एक वर्ष जाणे, यांत काय फरक आहे ते आमच्या वाचकांना सांगायला नको. आमच्या घरात वर्ष गेले की बहुधा शिक्षणच जाते.

हा प्रश्न एका मुलीचा किंवा एका कॉलेजचा नाही, म्हणून आम्ही कुणाचे नाव घेत नाही. प्रश्न असा आहे, की आपल्या मुलांच्या उत्तरांची नोंद कुठे होते, कशी होते, आणि ती कोणाच्या ताब्यात असते? आजवर चळवळीने प्रवेशाचा प्रश्न लढवला, शिष्यवृत्तीचा लढवला, वसतिगृहाचा लढवला, आरक्षणाच्या अनुशेषाचा लढवला. आता नोंदीचा प्रश्न लढवायची वेळ आली आहे.

नोंदीचे मोल आम्हाला कुणी शिकवायला नको. सातारच्या ज्या शाळेला आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात, तिथल्या दाखल नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी १९१४ या क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव लिहिले गेले. ती नोंद टिकली, म्हणूनच २०१७ पासून महाराष्ट्र शासनाला तो दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळता आला. ज्या समाजाच्या हातात अक्षर पडू दिले नाही, त्या समाजाच्या एका मुलाचे नाव सरकारी वहीत चढले, आणि त्या एका ओळीने देशाचा इतिहास बदलला. ती वही म्हणजे त्या काळचा डेटाबेसच होता. कागद, शाई आणि अनुक्रमांक. आजचा डेटाबेस म्हणजे संगणकातल्या वह्याच. फरक एवढाच, की जुनी वही खोडली तर खाडाखोड दिसायची. संगणकातली खाडाखोड कुणी मुद्दाम दाखवल्याखेरीज दिसत नाही. सगळी मेख इथेच आहे.

पुणे हे ऑनलाईन शिक्षणाचे आणि ऑनलाईन परीक्षांचे मोठे केंद्र आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन अर्थात एमकेसीएलचे मुख्यालय पुण्यात. एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावच्या लाखो मुलामुलींनी केला, सरकारी नोकरीसाठी तो लागू लागला, आणि संगणकाने प्रश्न विचारायचे, संगणकानेच गुण द्यायचे व साठवायचे ही पद्धत आमच्या वस्त्यांना प्रथम तिथेच कळली. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद पुण्यात. आणि २०१४ मध्ये क्रांतिज्योती सावित्रीबाईंचे नाव लाभलेले विद्यापीठही पुण्यातच.

याच विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑक्टोबर २०२० मध्ये बहुपर्यायी प्रश्नांच्या रूपाने प्रामुख्याने ऑनलाईन झाल्या. त्याआधी राज्य सरकारची भूमिका परीक्षा न घेण्याची होती. परंतु अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिला आणि सगळी यंत्रणा घाईघाईने उभी राहिली. लॉगिन होत नाही, पेपर मध्येच अडकतो, अशा तक्रारींनी तेव्हाची वर्तमानपत्रे भरलेली होती. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीनुसार देशात इंटरनेटची सोय असलेली घरे शंभरात २४ च्या आसपास होती. ग्रामीण भागात तर १५ च्या आसपास. संगणक असलेली घरे शंभरात ११ देखील नव्हती. पुढे मोबाईल वाढले, हे खरे. पण ज्यांच्या घरी संगणक नाही, त्यांच्याच मुलांचे भवितव्य संगणकात साठवायला निघालेली ही व्यवस्था त्यांना त्या संगणकात डोकावू देत नाही, हे तितकेच खरे.

आता ही नोंद कशी होते ते समजून घेऊ. यात अवघड काही नाही. सावकाराची वही ज्यांच्या बापजाद्यांनी सोसली, त्यांना हे चटकन कळेल. चोख डेटाबेसमध्ये एक तक्ता विद्यार्थ्यांचा असतो: क्रमांक, नाव, वर्ग. दुसरा प्रश्नांचा: प्रश्न, पर्याय, बरोबर उत्तर. तिसरा परीक्षेच्या प्रत्येक बैठकीचा: कोणत्या क्रमांकाने, कोणती परीक्षा, किती वाजता सुरू केली, किती वाजता संपवली. आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा, उत्तरांचा: कोणत्या बैठकीत, कोणत्या प्रश्नाला, कोणता पर्याय निवडला, किती वाजता. या चार तक्त्यांना क्रमांकाच्या दोऱ्याने ओवलेले असते. ज्या क्रमांकाचा विद्यार्थी पहिल्या तक्त्यात नाही, त्याची बैठक तिसऱ्या तक्त्यात घेऊच नये, असा सक्त नियम डेटाबेसला घालून देता येतो. तो नियम घातला असता, तर आमच्या त्या मुलीची उत्तरे अनाथ पडली नसती. परीक्षा सुरू होतानाच यंत्राने हाक मारली असती, की हा क्रमांक यादीत नाही, दुरुस्त करा. पण घाईत आणि स्वस्तात केलेल्या कामात हा नियम गाळला जातो.

दुसरी लबाडी याहून मोठी. पुष्कळ ठिकाणी चौथा तक्ता ठेवतच नाहीत. पन्नासपैकी एकतीस, एवढी बेरीज ठेवायची आणि उत्तरे टाकून द्यायची! म्हणजे सावकाराने फक्त बाकी सांगायची, हप्ते कधी किती भरले ते विचारायचे नाही. उद्या उत्तरतालिकेत एखादे उत्तर चुकीचे निघाले, तर फेरमोजणी कशाची करणार? मूळ उत्तरे असतील तर एका झटक्यात सर्वांचे गुण सुधारता येतात. नुसती बेरीज असेल तर हात चोळत बसावे लागते. म्हणून आमचे सांगणे आहे: बेरीज हा निकाल नव्हे. निकाल म्हणजे प्रत्येक उत्तराची नोंद. बेरीज तिच्यातून हवी तेव्हा काढता येते. बेरजेतून उत्तरे काढता येत नाहीत.

आणि बेरीज बदलता येते! शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टीईटीचा, घोटाळा आठवा. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या या परीक्षेचा पुणे पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये छडा लावला. परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली. पैसे घेऊन अपात्रांचे गुण वाढवून त्यांना पात्र ठरवल्याचे तपासात पुढे आले, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये परिषदेने साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांची संपादणूक रद्द केली. परीक्षा कागदी उत्तरपत्रिकेवर होती, पण निकाल संगणकातून निघाला होता. त्या यादीत ज्यांची जागा गेली ते कोण? डी.एड., बी.एड. करून वर्षानुवर्षे भरतीची वाट पाहणारी गरिबांची मुले. त्यांच्याकडे लाच द्यायला पैसे नव्हते आणि चोरी पकडायला नोंदही नव्हती.

यावर उपाय आहे. तो संगणकशास्त्राला चांगला ठाऊक आहे आणि बँका तो रोज वापरतात. एकदा जमा झालेली नोंद खोडायचीच नाही. चूक असेल तर खाली नवी ओळ लिहायची: कोणी बदलले, कधी बदलले, आधी काय होते, आता काय आहे, कोणाच्या हुकमाने. हा बदलांचा रोजनामा वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या माणसाच्या ताब्यात ठेवायचा. सर्व नोंदींची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवायची. आणि विद्यार्थ्याने उत्तरे जमा करताच त्याला पोचपावती द्यायची: किती उत्तरे मिळाली, किती वाजता मिळाली. शंभर रुपये मोबाईलवरून पाठवले तर पावती येते. तीन वर्षांची मेहनत पाठवली तर पावती का नको? ज्या व्यवस्थेला पैशाची पावती देता येते, तिला उत्तरांची पावती देता येत नाही, हे आम्हाला मान्य नाही.

आता जातीच्या रकान्याकडे येऊ. काही मंडळी म्हणतात, संगणकाला जात कळत नाही, म्हणून संगणकाची परीक्षा निःपक्षपाती. ही अर्धी गोष्ट झाली. यंत्राला जात कळत नसेल, पण रकाना भरणाऱ्याला कळते आणि पडदा पाहणाऱ्यालाही कळते. दिल्लीच्या एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांची वागणूक तपासायला डॉ. सुखदेव थोरात यांची समिती नेमली गेली. परीक्षा आणि मूल्यमापनासकट सगळीकडे भेदभाव होतो असे तिने २००७ मध्ये नोंदवले. ही देशातल्या पहिल्या क्रमांकाच्या वैद्यकीय संस्थेची कथा. बहुपर्यायी प्रश्नाचे गुण यंत्र देते. पण प्रकल्पाचे, तोंडीचे, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण माणूसच देतो आणि ते त्याच डेटाबेसमध्ये जातात. गुण भरणाऱ्या प्राध्यापकाच्या पडद्यावर विद्यार्थ्याचे आडनाव, प्रवर्ग, शिष्यवृत्ती कशासाठी दिसावी?

म्हणून जातीचा रकाना काढून टाका, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तो काढा म्हणणाऱ्यांचा डाव आम्ही ओळखतो. प्रवर्गाची नोंदच नसेल, तर कोणत्या विषयात आपली मुले मागे ठेवली जातात आणि तोंडी परीक्षेत कुणाला कमी गुण पडतात ते सिद्ध कसे करणार? जातिनिहाय आकडे नसले की अन्याय अदृश्य होतो. लेखीत पन्नासपैकी चाळीस मिळवणारी मुले तोंडीत मात्र ओळीने काठावर का येतात, हा प्रश्न केवळ नोंदीच विचारू शकतात. तेव्हा मागणी नेमकी हवी: प्रवर्ग वेगळ्या तक्त्यात ठेवा, कुलूपबंद ठेवा, गुण देणाऱ्याच्या डोळ्यांआड ठेवा, आणि निकालानंतर प्रवर्गनिहाय एकत्रित आकडे, कुणाचेही नाव न देता, दर वर्षी जाहीर करा. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना प्राथमिक शाळांतील शिक्षक कोणत्या जातीचे आहेत, यावर नेमके बोट ठेवले होते. शिकणाऱ्याचे भले शिकवणारा कोण आहे यावर ठरते, हे जोतिरावांनी तेव्हाच ओळखले. आज आम्हाला विचारायचे आहे, की नोंद ठेवणारा कोण आहे.

आणखी एक धोका नवा आहे. ई-लर्निंगच्या नव्या प्रणाली आता नुसते गुण साठवत नाहीत; साठवलेल्या गुणांवरून मुलाला पुढे काय शिकवायचे ते ठरवतात. तिसरीतल्या मुलाने चार चाचण्यांत चुका केल्या की त्याच्यापुढे सोपे धडे, सोपे प्रश्न. हेतू चांगला असेल. पण सोपेच प्रश्न मिळालेले मूल अवघड प्रश्न सोडवायला शिकणार कधी? नवीन शैक्षणिक धोरणानंतर विद्यार्थ्यांना 'अपार' नावाचा बारा आकडी क्रमांक देणे सुरू झाले आहे. त्याचा उद्देशच शैक्षणिक नोंदी आयुष्यभर एका ठिकाणी जोडून ठेवण्याचा. नोंद आयुष्यभर टिकावी हे ठीक. पण 'कच्चा' हा शिक्का आयुष्यभर टिकावा का? जन्मावरून कपाळी मारलेला शिक्का पुसायला आमच्या पिढ्या गेल्या. आता आठव्या वर्षी दिलेल्या चाचणीवरून दुसरा शिक्का घेणे आम्हाला परवडणार नाही.

इथे एक निकाल आठवावा. १९०७ मध्ये बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते असे सांगितले जाते. टक्केवारी काढली तर सदतीसच्या थोडी वर! परळच्या चाळीतल्या एका खोलीत, माणसांच्या गर्दीत, दिव्याच्या उजेडात केलेल्या अभ्यासाचे ते गुण. आजच्या एखाद्या प्रणालीत तो आकडा भरला असता, तर तिने काय सल्ला दिला असता? या विद्यार्थ्याला उच्च शिक्षण झेपणार नाही! परंतु तेव्हा नोंद वाचणारा माणूस होता. सत्कार सभेला सी. के. बोले होते, बुद्धचरित्र भेट देणारे केळुसकर गुरुजी होते. त्यांनी आकडा पाहिला आणि आकड्यामागची परिस्थितीही पाहिली. पुढे बडोद्याची शिष्यवृत्ती, कोलंबिया, लंडन, डॉक्टरेट, बॅरिस्टरी आणि भारताचे संविधान. सदतीस टक्क्यांच्या त्या मुलाने काय केले ते जगाला ठाऊक आहे. आकडा खोटा नव्हता. आकड्यावरून काढला गेला असता तो निष्कर्ष खोटा ठरला असता. नोंद ठेवणे वेगळे आणि न्याय करणे वेगळे, हा धडा प्रत्येक डेटाबेसच्या दारावर लिहून ठेवावा.

कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले, की परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकारात पाहण्याचा हक्क आहे. उत्तरपत्रिका कागदाची असो की संगणकातली, तत्त्व तेच, अशी आमची धारणा आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. आपल्याविषयीची माहिती मागण्याचा आणि चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्यात आहे. तो टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. पण त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमातील वैयक्तिक माहितीच्या तरतुदीत बदल केला, आणि सार्वजनिक हितासाठी अशी माहिती देण्याचा त्या तरतुदीतला आधार काढून टाकला. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने काढले! म्हणून आपली स्वतःची नोंद मागणारे अर्ज भरपूर गेले पाहिजेत. न वापरलेला हक्क गंजतो.

केवळ मागण्या करून भागणार नाही. दापोडी, बोपोडी, येरवडा, रामटेकडी, पर्वती पायथा, जिथे जिथे विहाराला लागून अभ्यासिका आहे, तिथे स्पर्धा परीक्षेच्या सराव चाचण्या आता मोबाईलवर होतात. त्यांचे निकाल बहुधा कुणा कार्यकर्त्याच्या एका फाईलमध्ये, नुसत्या बेरजेच्या रूपात पडलेले असतात. लॅपटॉप बिघडला की सगळे स्वाहा. बी.सी.ए., एम.सी.ए., इंजिनिअरिंग झालेली आपली मुले हिंजवडी आणि खराडीच्या कंपन्यांत परदेशी बँकांचे डेटाबेस सांभाळतात. त्यांनी महिन्यातला एक रविवार अभ्यासिकेला द्यावा. मोफत मिळणाऱ्या प्रणाली आहेत, जुना संगणक चालतो. प्रत्येक उत्तराची नोंद ठेवा. मग कळेल, की चाळीसपैकी पस्तीस मुलांचा एकच प्रश्न चुकतो, म्हणजे मुले कच्ची नाहीत, तो धडा कुणी शिकवलेलाच नाही. मग कळेल, की एखादा मुलगा रात्री अकरानंतरच चाचणी देतो, म्हणजे त्याच्या घरात दिवसा अभ्यासाला जागा नाही. त्याला अभ्यासिकेची किल्ली द्या. नोंद शिक्का मारायला नसते, मदतीला धावून जायला असते, हे आपण आपल्याच अभ्यासिकेत करून दाखवू. मग विद्यापीठाला सांगायला आपले तोंड मोकळे राहील.

आणि आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक साधी सवय लावा. ऑनलाईन परीक्षा झाली की शेवटच्या पडद्याचा फोटो, बैठक क्रमांक, तारीख आणि वेळ स्वतःच्या वहीत लिहून ठेवायची. वहीची किंमत वीस रुपये. ताडीवाला रोडच्या त्या मुलीचे वर्ष वाया गेले, पण तिची पदवी वाचली ती एका फोटोमुळे. पुढच्या वर्षी तिने प्रवेश घेतला. आता ती वस्तीतल्या मुलांना पेपर सोडवायला बसवते, तेव्हा पेपर संपताच तिचा पहिला प्रश्न असतो, "पावती घेतली का?"